यात हात कुणाचा?

मोबाइल हातात आहेच, तर आधी एक प्रयोग करा. आजूबाजूला कोणी असेल तर हसेल, हसू द्या. तोंडाने लांबलचक 'श्श्श' असा आवाज काढा आणि मोबाइलचा पडदा ओठांच्या अगदी जवळ आणा. मग वीतभर लांब न्या. पुन्हा जवळ आणा. त्या 'श्श'मध्ये काहीतरी वर चढतं, खाली उतरतं. डोक्यावरून विमान जावं तसं.

हे घडतं, कारण एकच आवाज तुमच्या कानापर्यंत दोन वाटांनी पोचतो. एक थेट, दुसरा पडद्यावर आपटून किंचित उशिरा. दोघांची गाठ पडते तेव्हा काही कंप्रता एकमेकींना पुसून टाकतात. कोणत्या पुसल्या जाणार हे अंतरावर ठरतं आणि अंतर ठरवतो तुमचा हात. हात थांबला की आवाजातली हालचालही थांबते.

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. माझं सगळं भांडण त्या वाक्यावरून आहे.

मी साउंड डिझाइनचं काम करतो. शॉर्टफिल्म, पॉडकास्ट, अधूनमधून एखादी वेबसीरिज. उरलेल्या वेळात मोड्युलर सिंथेसायझरवर स्वतःसाठी काहीबाही करतो. गेली काही वर्षं या दोन्ही ठिकाणी एक आवाज माझा पिच्छा सोडत नाही. पोलीस ठाण्यात नायक एकटा बसलाय, खाली एक लांब स्वर, आणि त्या स्वरात काहीतरी गोल गोल फिरतंय. नायिका नदीकाठी उभी आहे, तेच. ध्यानाच्या अ‍ॅपमध्ये तेच. झोप यावी म्हणून ऐकायच्या तासाभराच्या ट्रॅकमध्येही तेच. एकदा एका दिग्दर्शकाने मला सांगितलं, "छान आहे, पण स्थिर वाटतंय. जरा फिरतं कर ना." मी फेझर लावला, वेगाचं बटण डावीकडे ओढलं, दोन मिनिटांत काम झालं. तो खूश, मीही खूश, पैसेही वेळेवर आले.

म्हणजे हा लेख मी बाहेर उभा राहून लिहीत नाहीये. मीही त्यातलाच आहे. पण आईने एक प्रश्न विचारला आणि माझी पंचाईत झाली.

आईचा तानपुरा

आई सांगलीत गाणं शिकवते. तिचा तानपुरा मिरजेचा, लग्नाच्याही आधीचा. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तिने ती बातमी मला तीनदा फॉरवर्ड केली होती. अलीकडे तिच्या बोटांचे सांधे धरतात. तानपुरा हळूहळू कोपऱ्यात गेला आणि शिकवणीला इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी आली. तिचं छेडणं पूर्ण थांबायच्या आधी एका सुट्टीत मी ते रेकॉर्ड करून घेतलं. अकरा मिनिटं. एक मायक्रोफोन, खिडकी बंद, पंखा बंद.

पुण्याला परत आल्यावर त्याचा एक तुकडा बनवला. तानपुऱ्यावर संथ फेझर, वीस सेकंदांत एक फेरी. मित्रांना ऐकवलं. "ट्रिपी आहे यार," असं तिघांनी वेगवेगळ्या वेळी म्हटलं. मग आईला पाठवलं. तिने इअरफोन लावून पूर्ण ऐकलं आणि फोन केला.

"हे कोण वाजवतंय?"

"अगं, तूच."

"मी कुठली? यात कुणाचाच हात नाही."

मी तिला समजावायला गेलो. इफेक्ट आहे, मूळ तुझंच आहे, वगैरे. ती ऐकून घेत होती, जशी एखाद्या बेसूर विद्यार्थ्याचं कारण ऐकून घेते तशी. फोन ठेवल्यावर मी चिडलो. आणि चिड उतरल्यावर लक्षात आलं, की तांत्रिकदृष्ट्या ती शंभर टक्के बरोबर बोलली होती.

फेझर नक्की काय करतो

फेझ या शब्दाला आपल्या शाळेच्या भौतिकशास्त्रात 'कला' म्हणतात, चंद्राच्या असतात त्याच. फेझरच्या आत काही विशिष्ट फिल्टर एकापुढे एक जोडलेले असतात. नेहमीचा फिल्टर आवाजातलं काहीतरी कापतो. हे फिल्टर काहीच कापत नाहीत. प्रत्येक कंप्रता तितक्याच जोराने बाहेर येते, फक्त तिची कला सरकलेली असते, आणि तीही प्रत्येक कंप्रतेची वेगवेगळी. स्थिर स्वर नुसता यातून पाठवलात तर कानाला फारसा फरक कळणार नाही.

गंमत पुढे आहे. हा सरकलेला आवाज मूळ आवाजात मिसळला, की ज्या कंप्रतांची कला बरोबर अर्ध्या फेरीने, म्हणजे १८० अंशांनी सरकली आहे, त्या मूळच्या कंप्रतांशी भिडून नाहीशा होतात. आवाजात खाच पडते. असे दोन टप्पे जोडले की एक खाच, चार टप्प्यांच्या दोन, बारा टप्प्यांच्या सहा. मघाच्या मोबाइलच्या प्रयोगात पडल्या त्या खाचा समान अंतरावर, कंगव्याच्या दातांसारख्या होत्या. तो फ्लँजर या फेझरच्या चुलतभावाचा प्रकार. फेझरच्या खाचा मोजक्या आणि विषम अंतरावर असतात, म्हणून त्याचा आवाज मऊ आणि ओला लागतो. बाहेर आलेला आवाज थोडा परत आत सोडला, तर खाचांमधले उंचवटे टोकदार होतात आणि कुणीतरी तोंड उघडबंद करत स्वर बदलतंय असं वाटू लागतं.

एका जागी पडून राहिलेली खाच कानाला लवकर सवयीची होते. तिच्याकडे लक्ष जातं ते ती सरकायला लागल्यावर. म्हणून फेझरबद्दल विचारायचा खरा प्रश्न एकच: खाच कोण सरकवतंय?

बहुतेक वेळा उत्तर असतं एलएफओ. म्हणजे इतक्या मंद गतीने हेलकावे देणारा विद्युतप्रवाह, की तो स्वर म्हणून ऐकूच येत नाही. तो वर जातो, खाली येतो, वर जातो. तुम्ही काय वाजवताय, जोरात की हळू, वाजवताय की चहा प्यायला उठलात, याच्याशी त्याला काहीही देणंघेणं नसतं.

हात कसा गेला

सुरुवात अशी नव्हती. १९६०च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये फुमिओ मिएदा या अभियंत्याने 'युनि-व्हाइब' नावाचं यंत्र रचलं. पुढे कॉर्गच्या एमएस-२० सिंथेसायझरमागेही हेच गृहस्थ होते. रेडिओ मॉस्कोचं प्रसारण दूरवरून आयनांबरावर आपटत यायचं तेव्हा त्यात जी लाट ऐकू यायची, तिच्यावरून ही कल्पना सुचल्याचं त्यांनी सांगितलं आहे. म्हणजे मूळ आवाजातल्या हालचालीला कारण होतं, आणि ते कारण आकाशाएवढं मोठं होतं.

युनि-व्हाइबच्या पोटात एक छोटा दिवा आणि त्याच्याभोवती चार प्रकाशसंवेदी घटक. दिवा उजळतो-मंदावतो तशी खाच सरकते. दिव्याची तार तापायला आणि निवायला वेळ घेते, म्हणून ती हालचाल थोडी लंगडी, श्वासासारखी. वेग बदलायला पायाखाली पेडल. ऑगस्ट १९६९मध्ये वुडस्टॉकला जिमी हेन्ड्रिक्सकडे हे यंत्र होतं. फेऱ्या यंत्रच मारत होतं, पण त्या फेऱ्यांवर निदान एक पाय तरी होता.

१९७१मध्ये टॉम ओबरहाइम यांचा फेज शिफ्टर माएस्ट्रोच्या नावाने बाजारात आला. त्याच्यावर वेगाची तीन बटणं होती: मंद, मध्यम, जलद. १९७४च्या सुमारास एमएक्सआरचा 'फेज ९०' आला. नारिंगी डबी, वर एकच खुंटी आणि त्यावर एकच शब्द, 'स्पीड'. सुंदर वस्तू आहे. स्वस्त, टणक, लाखो कानांना ओळखीची. पण त्या एका खुंटीने आपल्या सगळ्यांच्या डोक्यात एक गैरसमज पक्का केला. ती फक्त 'किती वेगाने?' एवढंच विचारते. 'कशामुळे?' हा प्रश्न विचारायला तिच्यावर जागाच नाही. आज मोबाइलमधल्या अ‍ॅपपासून महागड्या सॉफ्टवेअरपर्यंत जवळजवळ प्रत्येक फेझर उघडल्याक्षणी आपला आपण फिरत असतो. हा प्रश्न गायब झाला हेही आपल्याला कळलं नाही.

तानपुरा का फिरत नाही

आता आईच्या तानपुऱ्याकडे या. तानपुऱ्याचा आवाज स्थिर आहे असं ज्याला वाटतं, त्याने तो कधी नीट ऐकलेला नाही. घोडीचा माथा किंचित गोलसर असतो आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवून जवारी काढतात. तार छेडली की ती त्या गोलाईवर टेकत-सुटत राहते आणि एकेक उपस्वर उमलत जातो. खर्जाची तार चांगली लागली की न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. गवय्ये त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

सी. व्ही. रामन यांनी १९२१मध्ये यावर लिहिलं आहे. तोवरचा नियम असा, की तार जिथे छेडाल तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर त्या आवाजात असू शकत नाही. तानपुरा आणि वीणा हा नियम मोडतात हे रामन यांनी दाखवलं. जे ऐकू यायला नको, तेही तिथे असतं. उलट फेझर जे आहे ते पुसतो. मी काय केलं होतं? नसलेलं बहाल करणाऱ्या वाद्यावर, असलेलं पुसणारं यंत्र चढवलं होतं, आणि तेही घड्याळाच्या हाती देऊन.

मुख्य फरक मात्र कारणाचा आहे. तानपुऱ्यातली हालचाल बोटापासून सुरू होते. पंचमाला मधलं बोट, बाकीच्या तिन्ही तारांना तर्जनी. प्रत्येक छेडीबरोबर उपस्वरांची नवी लाट उठते आणि विरते. छेड जड असेल तर लाट वेगळी, हलकी असेल तर वेगळी. माझा एलएफओ वीस सेकंदांत एक फेरी मारत होता आणि आईची चार बोलांची फेरी पाच-सहा सेकंदांत पुरी होत होती. दोघांची कुठेच भेट नव्हती. आईने जे ऐकलं ते एवढंच: आपल्या आवाजावरून दुसरंच कुणीतरी पोछा मारतंय.

तुमचे आक्षेप

पहिला आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. 'आपलं संगीतच चक्राकार आहे. तालाचं आवर्तन असतं, मग एलएफओचं आवर्तन का खुपतं?' कारण आवर्तनाला सम असते आणि समेवर यायला माणूस असतो. तबलजी ठेका धरतो तेव्हा तो ऐकत असतो. गायक समेला चुकला तर त्याच्या कपाळावर आठी पडते, नेमका आला तर मान हलते. एलएफओची मान कधी हलत नाही. लयीशी जुळवून घेणारे एलएफओ असतात, पण ते घड्याळ दुसऱ्या घड्याळाशी जुळवतात. कान त्यांनाही नसतात.

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे: जाँ-मिशेल जार. १९७६च्या 'ऑक्सिजेन'मध्ये त्यांनी एमिनंट ऑर्गनचे स्ट्रिंग्ज स्मॉल स्टोन या छोट्या फेझरमधून काढले, आणि तो फेझर आपला आपणच फिरत होता. तो आवाज मला आजही आवडतो. मग माझा मुद्दा कोसळला का? मला वाटत नाही. त्या ऑर्गनचा स्वर मुळात सपाट होता. दाबला की सुरू, सोडला की बंद. त्याच्या आत पुसून जाईल असं काही नव्हतं. जार यांनी त्या मोकळ्या जागेत एक वारा सोडला आणि वाऱ्याभोवती रचना बांधली. त्यांनी निवड केली. आपण ती निवड पन्नास वर्षांनी आयती उचलतो, आणि ज्या आवाजांना स्वतःचा वारा आहे त्यांच्यावरही फुंकतो. नदीवर, पावसावर, माणसाच्या बोलण्यावर, तानपुऱ्यावर.

तिसरा आक्षेप: 'मोड्युलर हे श्रीमंतांचं खेळणं, आपल्याला काय त्याचं?' पैशांचं खरं आहे. माझ्या छोट्याशा पेटीत माझी दोन वर्षांची बचत अडकली आहे. पण २०१७पासून व्हीसीव्ही रॅक नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. परकेपणाचं म्हणाल तर हेन्ड्रिक्स वुडस्टॉकला वाजवत होता त्याच वर्षी, १९६९मध्ये, अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझर बसवला, आणि गीता साराभाईंसारख्या आपल्या लोकांनी त्यावर काम केलं. त्या टेप्स २०२३मध्ये रेकॉर्ड म्हणून बाहेर आल्या. हे यंत्र आपल्याकडे बॉम्बेच्या कितीतरी रिमिक्सच्या आधी आलं होतं.

चौथा आक्षेप सर्वांत सोपा: 'आवडीचा प्रश्न आहे, सोड ना.' तो सोडायला मी तयार नाही. विनाकारण हलणारा आवाज आपल्या कानाला एक वाईट सवय लावतो. हलतंय म्हणजे जिवंत आहे, एवढ्यावर कान समाधान मानतो आणि आत काय चाललंय ते ऐकायचं सोडून देतो. बोटाने पडदा वर सरकवत राहण्याचीच ही कानाची आवृत्ती. मग पंखा बंद केलेल्या खोलीतला तानपुरा आपल्याला 'स्थिर' वाटायला लागतो आणि आपण म्हणतो, जरा फिरतं कर ना.

तार बदलून पाहा

मला राग येतो तो यासाठी, की मोड्युलरमध्ये हा प्रश्न सोडवायची सगळी सोय आहे. तिथे आवाज म्हणजेही विजेचा दाब आणि नियंत्रण म्हणजेही विजेचा दाब. कोणतीही वायर कुठेही खुपसा. म्हणजे खाच कोण सरकवणार हे तुम्हीच ठरवू शकता. डॉपफरचं ए-१०१-३ हे मॉड्यूल घ्या. बारा टप्प्यांचा फेझर, प्रत्येक टप्प्याची आत-बाहेरची सॉकेट समोर उघडी, आणि आत युनि-व्हाइबच्या दिव्याचीच नातवंडं: एका डबीत बंद केलेला एलईडी आणि प्रकाशसंवेदी रोध. इतकं स्वातंत्र्य हातात घेऊन आपण पहिली वायर कुठली लावतो? एलएफओची. बंगला बांधायचा आणि जिन्याखाली झोपायचं, तसं झालं हे.

मी पॅच उलगडला. एलएफओ काढला. त्याच्या जागी एन्व्हलप फॉलोअर लावला. हे मॉड्यूल येणाऱ्या आवाजाचा जोर मापून त्याचं नियंत्रणात रूपांतर करतं. त्याच्यात सोडला आईचाच तानपुरा. मिश्रणातलं फेझरचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्यावर आणलं. आता तार छेडली की खाच हलायची आणि तार विरत जाईल तशी आपल्या जागी परतायची. खर्ज जड, म्हणून मोठी झेप. जोडीच्या तारा हलक्या, म्हणून लहान.

पहिली दोन मिनिटं ऐकून मी खूश होतो. तिसऱ्या मिनिटानंतर काहीतरी बदलायला लागलं. पंचमावर खाच पूर्वीसारखीच हलत होती, पण तर्जनीच्या तिन्ही तारांवर तिची झेप हळूहळू आखूड होत गेली. सातव्या मिनिटाला ती जेमतेम हलत होती. मला वाटलं वायर सैल आहे. तपासली, ठीक होती. मग मूळ रेकॉर्डिंग उघडलं, नुसतं, काहीही न लावता, आणि पहिल्यांदा ते सलग ऐकलं.

तिची तर्जनी दुखत होती. छेड हलकी हलकी होत गेली होती. ती थांबली नव्हती, कारण मी समोर हेडफोन लावून बसलो होतो आणि मान डोलावत होतो.

हे त्या अकरा मिनिटांत पहिल्यापासून होतं. मी त्यावर वीस सेकंदांचा झुला टांगला आणि मला ते ऐकू येईनासं झालं. मित्रांना ट्रिपी वाटलं. एकटी आईच ऐकत होती, कारण बोट तिचं होतं.

म्हणून सांगतो, फेझर फेकून देऊ नका. पुढच्या वेळी लावाल तेव्हा एलएफओला हात घालण्याआधी पाच मिनिटं कोरडा आवाज ऐका. त्याच्यात आधीच काय हलतंय ते शोधा: श्वास, बोट, पाऊल, रस्त्यावरची गाडी. खाच त्याच्या हाती द्या. काहीच हलत नसेल तर जारसारखा वारा जरूर सोडा, पण तो तुम्ही सोडलाय हे लक्षात असू द्या. आणि कुणी 'जरा फिरतं कर' म्हणालं तर विचारा, कशामुळे? एखादं काम हातचं जाईल. माझं एक गेलं.

दुसरी आवृत्ती आईला पाठवली. या वेळी फोन यायला दोन दिवस लागले.

"ऐकलं," ती म्हणाली. "आता आहे माझा हात. दुखरा आहे, पण आहे."

मला काय बोलावं सुचेना.

"पण मला एक सांग," ती पुढे म्हणाली, "हात तर आधीपासूनच होता ना त्यात? मग मधे तुझं ते यंत्र कशाला लागलं?"

मी म्हटलं, मला ऐकू यावा म्हणून.

"बरं," ती म्हणाली. आणि पुढच्या सुट्टीत येताना जवारीचा दोरा घेऊन ये, म्हणाली. जुना झिजलाय.